कीर्द दिवसभर, खतावणी सांजेला: कागदी वहीवर दिवस कसा चालवावा

वही घेतली, पहिली चार-पाच पानं छान अक्षरात भरली, मग एक दिवस राहिलं, दोन दिवस राहिलं, आणि आता ती वही कपाटात कुठंतरी आहे. माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुलींकडून, त्यांच्या आयांकडून, माझ्या सख्ख्या भाचीकडूनही मी हे ऐकलं आहे. वह्या चांगल्या होत्या, लिहिण्याची हौसही खरी होती. लिहिलेलं परत कधी वाचायचं, ती वेळ मात्र कोणीच ठरवली नव्हती.

मी नागपूरला महाल भागात राहते, घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते. काम आणि घर, दोन्ही एकाच वहीवर चालतं. ही रीत बाबांची. ते इतवारीत धान्याच्या एका ठोक दुकानात दिवाणजी होते. तिथे दोन वह्या असत. कीर्द म्हणजे रोजची वही: व्यवहार ज्या क्रमाने झाला त्या क्रमाने लगेच लिहायचा. खतावणी म्हणजे खात्यांची वही: दुकान आवरताना कीर्दीतली एकेक ओळ उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची, आणि कीर्दीत त्या ओळीसमोर खात्याच्या पानाचा नंबर टाकायचा. नंबर पडला म्हणजे ओळ जागेवर पोचली. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, दोरी गुंडाळलेल्या त्या लांब वह्यांत छापील रेघा नसत. बाबा पानाला उभ्या घड्या पाडत आणि घडीच्या खुणेवर आकडे सरळ खाली उतरत जात. पैशांसाठी केलेली ही व्यवस्था कामांना आणि वेळेलाही तशीच्या तशी लागू पडते, हे मला फार उशिरा कळलं. खाली सांगते ती पद्धत त्यातूनच आली आहे.

वही घेताना

दोनशे पानी, एकरेघी, शिलाईची वही घ्या. आकार शाळेच्या छोट्या वहीएवढा किंवा ए५, म्हणजे साधारण १५ बाय २१ सेंटिमीटर. यापेक्षा मोठी वही पर्समध्ये मावत नाही आणि घरी राहते. घरी राहिलेल्या वहीत बाहेरची कामं लिहिली जात नाहीत. खिशात मावणारी ए६ बाजाराच्या यादीला बरी, पण तिच्यात दिवसाचं पान बसत नाही. शाईचं पेन वापरणार असाल तर कागद ७० जीएसएम किंवा त्याहून जाड बघा, नाहीतर मागच्या बाजूला शाई फुटते. बॉलपेनला साधा कागद चालतो.

बाइंडिंगकडे मात्र नीट लक्ष द्या. वही मधोमध उघडून सपाट ठेवून बघा आणि दोरा दिसतो का ते पाहा. नुसत्या गोंदावर चिकटवलेली वही आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुचाकीच्या डिक्कीत राहिलेल्या माझ्या एका वहीची पानं सुटी झाली होती. पेनाचंही तसंच. घासून खोडता येणारी जेल पेनं आता बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, सगळीकडे मिळतात, मुलींना ती आवडतात. त्यांची शाई घासल्याच्या उष्णतेने दिसेनाशी होते, साधारण ६० अंशांना. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत काचेजवळ तेवढी उष्णता सहज होते, आणि मग न घासताच पान कोरं! वही फ्रीजरमध्ये ठेवली तर अक्षरं बरीचशी परत येतात, पण हा खटाटोप कशाला करायचा? निळं किंवा काळं बॉलपेन घ्या. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. बाबांच्या वहीत खाडाखोड कधी नसे, कारण खोडलेला आकडासुद्धा पुढे कधीतरी लागतो.

महागडी वही पहिल्यांदा घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्यात घाईचं, वाकडंतिकडं लिहायला हात धजत नाही, आणि दिवसभराचं लिहिणं हे घाईचंच असतं.

पहिल्या दिवशी अर्धा तास

सगळ्या पानांना खालच्या कोपऱ्यात नंबर टाका. कंटाळवाणं आहे, पण हे टाळलं तर पुढचं काहीच चालत नाही. पहिलं पान अनुक्रमणिकेला सोडा, दुसरं आणि तिसरं वर्षाच्या पानाला. चौथ्यापासून पुढे कीर्द: रोज एक पान. शेवटची पन्नास पानं खतावणीला. दोनशे पानी वही या हिशेबाने पाचेक महिने पुरते.

मागच्या त्या पन्नास पानांत खाती उघडा, प्रत्येकाला दोन-दोन पानं. माझी खाती आहेत: शिवण, घर, बाजार, देणं-घेणं, माणसं, आणि ‘महिना’ (याच्याबद्दल पुढे सांगते). तुमची वेगळी असतील. भाची मिहानमध्ये (विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीत) नोकरी करते, तिच्या वहीत प्रत्येक प्रोजेक्टचं एक खातं आहे, आणि साहेबांना विचारायच्या गोष्टींचं एक. कॉलेजच्या मुलांनी विषयवार उघडावीत. सुरुवातीला सहाच्या वर जाऊ नका. खातं लहान पडलं तर मागे कोऱ्या पानावर वाढवता येतं, अनुक्रमणिकेत नवा नंबर लिहिला की झालं.

दिवसभर: कीर्द

पानावर वर वार आणि तारीख. त्याखाली आज करायची तीन कामं, फक्त तीन, त्यांच्याभोवती चौकट. बाकी पान रिकामं. मग दिवसभर जे येईल ते वेळेसकट लिहीत जायचं: फोन, निरोप, आठवलेली वस्तू, कोणाला दिलेला शब्द. महत्त्वाचं की बिनमहत्त्वाचं हे त्या क्षणी ठरवायचं नाही. माझं एक साधं पान असं होतं:

१०.१० – समोरच्या वहिनी. हिरवा ब्लाउज, मागचा गळा ८ नको, ७ पाहिजे.
११.०० – सिलिंडर उद्या दुपारी येणार.
११.४० – काळा दोरा संपला. हुकांचं पाकीट.
१.२० – शाळेची सहल, ३५० रुपये, शुक्रवारपर्यंत.
४.०० – शिकाऊ मुलगी उद्या येणार नाही.
५.३० – आत्याचा फोन. गुडघा दाखवायला मंगळवारी ११ ला, मी सोबत.

सहा ओळी. कात्री हातात असतानाही लिहून होतात एवढ्या छोट्या. ‘नंतर लिहिते’ म्हणून ठेवलेली ओळ बहुतेक वेळा लिहिली जात नाही. वही घरातच पण लांब असेल तर हाताशी असेल त्या कागदावर लिहा, मात्र तो कागद त्याच दिवशी वहीत उतरवून फाडून टाका. दुकानातल्या मशीनच्या पावत्यांचंही तेच. त्या गुळगुळीत थर्मल कागदावरचं छापील ऊन लागलं की पुसट होतं, म्हणून रक्कम आणि तारीख वहीत घ्या. वॉरंटीच्या पावतीची फोटोकॉपी काढून ठेवा.

बँकेचे पिन आणि पासवर्ड वहीत लिहू नका. वही हरवू शकते. पहिल्या पानावर नाव आणि एक फोन नंबर असू द्या, घराचा पत्ता नको.

फोन टाकून द्या असं मी म्हणत नाही. वही वाजत नाही. ‘साडेदहाला निघायचं’ याचा गजर फोनमध्येच लावा. दहा जणांनी मिळून ठरवलेली मीटिंग ऑफिसच्या कॅलेंडरमध्येच राहू द्या. पण आज काय करायचं आणि काय नाही हे ठरवताना फोन उघडला की आधी चार निरोप दिसतात, आणि ठरवायचं राहून जातं. त्या कामाला कागद बरा.

सांजेला: खतावणी

सगळी पद्धत इथेच तरते किंवा बुडते, म्हणून इथे जरा थांबा.

पूर्वी मी फक्त कीर्दच लिहीत होते. एका वर्षी अक्षय तृतीयेच्या लग्नगर्दीत एका नवरीचा निरोप आला, हळदीचा ब्लाउज सोमवारऐवजी शनिवारी पाहिजे. मी तो लिहिला. तारीख, वेळ, सगळं नीट अक्षरात. ती ओळ मी पुन्हा वाचली ती रविवारी सकाळी, पान उलटताना. त्या मुलीने हळदीला मोठ्या बहिणीचा जुना ब्लाउज टाके मारून घातला. ती मला काहीच बोलली नाही, तिच्या आईने शिलाईही पूर्ण दिली, आणि ते पैसे घेताना मला जे वाटलं ते अजून जात नाही. बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “लिवलं अन् वाचलंच नाई, त मंग लिवलं कायले?” त्या रात्री त्यांनी मला शेजारी बसवून खतावणी शिकवली, कामांची.

वेळ ठरवून घ्या, आणि ती रोजच्या कोणत्यातरी पक्क्या गोष्टीला बांधा. मी दिवा लावला की वही घेऊन बसते. भाची खापरीहून परत येताना मेट्रोत करते, बर्डी येईपर्यंत तिचं होतं. पंधरा मिनिटं पुरतात.

आजच्या पानावरची पहिली ओळ घ्या आणि तिला विचारा, तू कुठे जाणार? वरच्याच पानाचं बघा. वहिनींचा गळा शिवण खात्यात गेला, त्यांच्या मापाशेजारी: ८ वर रेघ, बाजूला ७. कीर्दीत त्या ओळीसमोर मी १५२ लिहिलं, शिवण खात्याचं पान. सिलिंडर उद्याचाच आहे, म्हणून तो कुठल्या खात्यात न जाता थेट उद्याच्या पानावर गेला. दुपारी घरी कोणीतरी पाहिजे हे तिथे लिहिलं. दोरा आणि हुक बाजार खात्यात, नंबर १५६. सहलीचे पैसे देणं-घेणं खात्यात, आणि महिन्याच्या पानावर शुक्रवारच्या ओळीतही. शिकाऊ मुलगी येणार नाही याचा अर्थ उद्या काज-बटण मलाच करायचं आहे, म्हणजे उद्याच्या तीन कामांतलं एक कमी करावं लागेल. ही ओळ दुपारी लिहिताना साधी वाटली होती, सांजेला वाचली तेव्हा तिचं वजन कळलं. आत्याचा मंगळवार महिन्याच्या पानावर.

प्रत्येक ओळीसमोर नंबर, बाण किंवा टिक पडली की पान बंद. नंबर म्हणजे खात्यात गेली, बाण म्हणजे उद्याच्या पानावर गेली, टिक म्हणजे झाली. चौथी खूण आडवी रेघ, म्हणजे हे मी करणार नाही. ती मारायला शिका, नव्या माणसाला सगळ्यात जड हीच जाते. मी एक नियम केला आहे: एखादं काम तीन दिवस बाण खात पुढे आलं तर चौथ्या सांजेला ते उतरवायचं नाही. एकतर त्याला महिन्याच्या पानावर ठराविक तारीख द्यायची, नाहीतर रेघ. हाताने पुन्हा पुन्हा तेच लिहायचा कंटाळा येतो, आणि तो कंटाळा इथे कामाचा आहे. फोनमधलं राहिलेलं काम आपोआप पुढे सरकतं, म्हणून ते वर्षभर तसंच पडून राहिलं तरी कोणाला टोचत नाही.

अमेरिकेतल्या रायडर कॅरोल नावाच्या डिझायनरने २०१३ मध्ये ‘बुलेट जर्नल’ नावाची पद्धत लोकांसमोर मांडली. तिच्यातही छोट्या ओळी, खुणा, पानांचे नंबर आणि राहिलेलं काम हाताने पुढे उतरवणं हेच आहे. भाचीने ती मला दाखवली तेव्हा मला इतवारीतली बाबांची बैठक आठवली. इंटरनेटवर त्या पद्धतीची रंगीत, चित्रं काढलेली पानं पुष्कळ दिसतील. चित्रांची आवड असेल तर जरूर काढा, पण खतावणी झाल्यावर.

कामाला किती वेळ लागतो

पंधरा-वीस दिवस कीर्द-खतावणी अंगवळणी पडू द्या, मगच हे सुरू करा. सकाळच्या चौकटीतल्या तीन कामांसमोर दोन आकडे लिहायचे: सुरू करण्याआधी अंदाज, संपल्यावर लागलेला वेळ.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा अस्तराच्या ब्लाउजसमोर अंदाज दीड तास लिहिला. लागले दोन तास चाळीस मिनिटं. मला वाटलं, त्या दिवशी फोन जास्त आले. दुसऱ्या दिवशी दोन तास पस्तीस. आठवडाभर तेच. मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना दीड तासाच्या हिशेबाने तारखा देत होते आणि रात्री बारापर्यंत मशीन चालवत होते, आणि दोष नशिबाला देत होते. कटिंग, अस्तर जोडणं, हुक-काज, इस्त्री, हे सगळं मी मोजतच नव्हते. आता शिवण खात्याच्या सुरुवातीलाच एक छोटी यादी आहे: साधा ब्लाउज, अस्तराचा, कटोरी, पिको-फॉल, प्रत्येकासमोर खरा वेळ. तारीख देताना ती बघते. “उद्या मिळेल का?” असं कोणी विचारलं तर उत्तर वहीत असतं, त्यामुळे नाही म्हणायला संकोच होत नाही.

तुमच्या कामाचंही हेच करा. एक अहवाल लिहायला, एक धडा वाचायला, भाजी आणून निवडून ठेवायला खरंच किती लागतं? दोन आठवडे मोजा. बहुतेकांना आपला अंदाज बराच कमी निघालेला दिसेल. मग दिवसात तीनच कामं का, तेही कळेल.

महिना, आणि नागपूरचं वर्ष

महिन्याचं पान सोपं आहे. डावीकडे उभ्या १ ते ३१ तारखा, प्रत्येकीला एक ओळ. दुसऱ्यांना दिलेल्या तारखाच तिथे लिहायच्या. सांजेची खतावणी झाली की पुढचे सात दिवस नुसते नजरेखालून घालायचे.

वर्षाचं पान मात्र आपल्या गावाप्रमाणे करावं. कॅलेंडरात सण असतात, पण सणाआधीची कामं नसतात. माझ्या पानावर फेब्रुवारीसमोर भिवापुरी मिरची आणि वर्षभराचं तिखट आहे. मार्चसमोर कूलर खाली काढणं, खस बदलणं आणि मोटर तपासणं, कारण एप्रिलात मिस्त्री मिळत नाही. एप्रिल-मे म्हणजे लग्नाचे ब्लाउज, कुरड्या-पापड, आणि दिवसाचे दोन तुकडे: बाहेरची कामं अकराच्या आत, मग सहानंतर. मधल्या वेळेत फक्त बसून करायचं काम लिहायचं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात, त्यामुळे गणवेशाची गर्दीही इथे उशिरा येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, त्या दिवशी महाल-इतवारीत कोणाला कपडा न्यायला बोलावत नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीकडे लाखो लोक येतात, तिकडची कामं आधी. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, तेव्हा सिव्हिल लाइन्सकडे जायचं असेल तर घरून लवकर निघायचं. हे पान एकदाच नीट बसून लिहा, पुढच्या वहीत उतरवताना पाचच मिनिटं लागतात.

खंड पडला तर

पडतोच. ताप येतो, पाहुणे येतात, कोणाच्या घरी प्रसंग असतो. राहिलेली पानं भरत बसू नका. आजची तारीख टाका, डोक्यात असेल ते सगळं ओळीओळीने उतरवा, सांजेला खतावणी करा. कोरी पानं सोडू नका, लागूनच सुरू करा. कीर्दीला तारखेची घाई नसते, ती जिथे थांबली तिथून चालते. दिवसभर लिहायला जमलं नाही तर एक वेळ चालेल. सांजेचं बसणं मात्र दोन दिवसांच्या वर चुकू देऊ नका.

वही संपली की

पुढून येणारी कीर्द मागच्या खतावणीपासून दहा पानांवर आली की नवी वही आणा, अगदी संपेपर्यंत थांबू नका. बाबा वर्षाअखेरीला शिल्लक पुढे ओढत, तसं एका निवांत दुपारी बसून प्रत्येक खातं वाचायचं आणि जिवंत आहे तेवढंच नव्या वहीत उतरवायचं. माझ्या मागच्या वहीच्या ‘घर’ खात्यात एकवीस ओळी होत्या, नवीत सात गेल्या. मापं सगळी गेली, ती कधीच सोडत नाही. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर जाड पेनाने पासून-पर्यंत तारखा लिहा आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा, उभी, तारखा बाहेरून दिसतील अशी. पावसाळ्याआधी एकदा सगळ्या काढून वाऱ्यावर ठेवा, वाळवीने पुठ्ठा पकडला असेल तर तेव्हाच कळतं.